तू कुणाचा वकील होणार?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात, बारावीच्या आणि पदवीच्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. चार ठिकाणी वाक्यं सरळ केलीत, एवढंच.)

दोस्तांनो, पोरींनो,

मी मॅट्रिक. गोदीत माल उतरवतो. रात्रपाळीला पोलादाच्या कॉइली, दिवसा झोप, उरलेल्या वेळात कविता. कायद्याचं कॉलेज मी पाहिलंय ते फॉर्मच्या खिडकीपर्यंत. वस्तीतल्या पोरांबरोबर गेलो, रांगेत उभा राहिलो, माहितीपुस्तिका वाचल्या, खिडकीतल्या बाबूशी भांडलो. आता हा हमाल आपल्याला काय सांगणार, असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. वकील तुम्ही होणार, पण अशील मी होणार. वकील कुठं घडतो, कसा घडतो, ते अशिलानं बघायला नको का?

तुम्ही मला विचारता, भाऊ, टॉपचं लॉ कॉलेज कुठलं? टॉप म्हणजे काय? बिल्डिंग? एसी? पहिल्या पानावरचा टाय घातलेला पोरगा? माझा प्रश्न वेगळा आहे. तिथून बाहेर पडल्यावर तुला कुणाच्या बाजूनं उभं राहता येईल? नीट ऐका, 'राहावंसं वाटेल का' हे मी विचारत नाही. वाटतं तर सगळ्यांनाच. राहता येईल का, परवडेल का, हे विचारतोय.

कारण कोर्ट म्हणजे आपल्यासाठी पुस्तकातला धडा नाही. २० मार्च १९२७ ला महाडला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो. एका दिवसात. मग सवर्णांनी दावा ठोकला की तळं खाजगी आहे, मनाई हुकूम आणला. खालचं कोर्ट, वरचं कोर्ट, अपिलं. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला १७ मार्च १९३७ ला. ओंजळ भरायला क्षण लागला, ती ओंजळ कागदावर कायदेशीर ठरायला दहा वर्षं. दहा वर्षं तारखा झेलणारा बॅरिस्टर आपल्यात होता, म्हणून ते झालं.

आणि दुसरी बाजू बघा. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे घरातली चार माणसं ठेचून मारली. २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० ला नागपूर खंडपीठानं फाशीच्या जागी पंचवीस वर्षांची कैद दिली. शिक्षा झाली. पण ॲट्रॉसिटीचा कायदा त्या खटल्यात टिकला नाही. साऱ्या महाराष्ट्राला जी जात दिसत होती, ती कोर्टाच्या कागदात शाबीत झाली नाही. एफआयआर कसा लिहिला, कुठलं कलम लावलं, साक्ष कशी नोंदवली, इथं आपलं माणूस दुसऱ्यांदा मरतं. २०१५ च्या दुरुस्तीनं ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५अ आलं. आरोपीच्या जामिनाच्या वेळीही पीडिताला ऐकून घेतलं पाहिजे, असं ते सांगतं. चांगलं कलम आहे. पण ऐकवणारा कोण? तालुक्याच्या कोर्टात त्या दिवशी आपल्या बाईच्या बाजूला काळा कोट घालून उभा कोण?

माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट सांगतो. आमच्या टोळीतला एक जण स्लिंग तुटून गेला. कंत्राटदार म्हणाला, हजेरीत नाव नाही, हा माझा माणूसच नव्हे. बायकोनं मंगळसूत्र मोडून वकील केला. वकील दोन तारखांना आला, तिसरीला ज्युनिअर पाठवला, चौथीला कुणीच नाही. मागाहून कळलं, तो दुसऱ्या एका कंत्राटदाराची कामं बघायचा. माणूस राक्षस नव्हता हो. गावाकडून आलेला, आपल्यातलाच. कॉलेजचं कर्ज डोक्यावर, ऑफिसचं भाडं डोक्यावर. कर्जानं त्याची बाजू आधीच ठरवून टाकली होती.

म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं एवढंच. ज्या कॉलेजचं कर्ज फेडायला तुला मालकाचीच वकिली करावी लागेल, ते कॉलेज कितीही मोठं असो, आपल्याला महाग आहे. गोदीत प्रत्येक क्रेनवर रंगानं लिहिलेलं असतं, किती टन उचलायचं. त्याच्यावर गेलं की जुना विंचमन हात वर करतो, मुकादमाच्या बापालाही ऐकत नाही. तसं आपापलं टनेज आधी ठरवा. मग कॉलेज बघायला निघा.

आता कामाच्या गोष्टी. वह्या काढा.

एक. दारातच अडकू नका.

वकिलीची पदवी दोन वाटांनी मिळते. बारावीनंतर पाच वर्षं, नाहीतर कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षं. दोन्हींची सनद एकच. पाच वर्षांवाला मोठा आणि तीन वर्षांवाला धाकटा, असं काही नाही. घरात लवकर कमाई लागणार असेल तर आधी बी.ए., बी.कॉम. करा, नोकरी धरा, मग तीन वर्षांचं. मार्कांची अट खुल्या वर्गाला ४५ टक्के, आपल्याला ४०. सीईटीला वयाची वरची मर्यादा नाही, तेव्हा तिशी उलटलेल्यांनीही मान खाली घालू नये.

आता माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्यांनी कान उघडे ठेवा. इथं मोठा खड्डा आहे. बार कौन्सिलचे २००८ चे नियम सांगतात, मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीनं घेतलेली बारावी चालते, पदवीही चालते. पण बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली, तर त्या पदवीवर लॉला प्रवेश नाही. नाशिकच्या मुक्त विद्यापीठानं बारावी नसलेल्यांना पूर्वतयारी करून बी.ए.चं दार उघडलं. ते चांगलंच केलं. शेकडो कामगार पदवीधर झाले. पण लॉच्या दारात ती पदवी अडते. म्हणून आधी सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी काढा, मग मुक्त विद्यापीठात जा. मी स्वतः सतरा नंबर भरलाय. रात्री होल्डमध्ये माल येईपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढंच माझं कॉलेज.

आणि कुणी म्हणालं, घरबसल्या एलएल.बी. करून देतो, पोस्टानं करून देतो, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. असल्या पदवीवर सनद मिळत नाही.

दोन. कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता आहे का?

विद्यापीठाची संलग्नता वेगळी, बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता वेगळी. दोन्ही लागतात. मान्यता मुदतीची असते. मुदत कुठल्या वर्षापर्यंत आहे, ते कागदावर बघायचं. शिपायाच्या तोंडी नको, प्रिन्सिपॉलच्याही तोंडी नको. गल्लोगल्ली लॉ कॉलेजं निघाली, दर्जाचा बोऱ्या वाजला, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिललाच नव्या कॉलेजांवर तीन वर्षांची बंदी घालावी लागली. दुकानं किती झाली असतील, तुम्हीच ओळखा.

तीन. पैसा.

महाराष्ट्रातली बहुतेक कॉलेजं राज्याच्या सीईटीवर भरतात. पेपर मराठीतही असतो, चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. त्यानंतर कॅप राऊंड. इथं पक्कं ध्यानात ठेवा, शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप कॅप राऊंडमधून आलेल्यालाच. मॅनेजमेंट कोट्यातून घुसलात की सगळी फी बापाच्या खिशातून. 'सीट संपतायत, आजच भरा' म्हणणारा एजंट नेमका तिथंच ढकलत असतो.

घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, महाडीबीटीवर अर्ज. त्याच्यावर असेल तर फ्रीशिप. वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना. कॉलेज अनुदानित की विनाअनुदानित, हे विचारा. विनाअनुदानित असेल तर शुल्क नियामक प्राधिकरणानं मंजूर केलेली फी किती, ते बघा. त्याच्यावर एक रुपया मागितला तर पावती मागा. पावती म्हटलं की यांची जीभ टाळूला चिकटते.

आणि जात वैधता. दाखला वेगळा, वैधता वेगळी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबाची शाळा, पणजोबाची जन्मनोंद, कोतवाल बुक, जे असेल ते. ज्यांना शाळेच्या पायरीवर उभं करत नव्हते, त्यांच्या नातवाकडे शाळेचा दाखला मागायचा, असा हा न्याय. शिव्या द्या, पण कागदही गोळा करा. अकरावीतच सुरुवात करा. प्रवेशाच्या महिन्यात समितीच्या दारात गर्दी असते आणि जागा कुणासाठी थांबत नाही.

चार. राष्ट्रीय विधी विद्यापीठं.

बंगळुरूला पहिलं निघालं, १९८८ ला तिथं वर्ग सुरू झाले. आपल्याकडे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी तीन. प्रवेश क्लॅटवर. पेपर इंग्रजीत, चुकल्यास मार्क कापतात, नुसत्या फॉर्मला आपल्या पोराला अलीकडे साडेतीन हजार मोजावे लागतात, आणि फीचा आकडा लाखांत. म्हणून तिकडे जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. राखीव जागा कुणी भीक म्हणून दिलेल्या नाहीत. सोडल्या तर आपल्याच बापाच्या जागा सोडल्या. शमनाद बशीर या कायद्याच्या प्राध्यापकानं २०१० ला 'आयडिया' नावाची संस्था काढली, ती गरीब पोरांकडून क्लॅटची तयारी करून घेते. तिचा पत्ता काढा. पण आत जाण्याआधी सगळा हिशेब मांडा. शिष्यवृत्ती किती, ती कधी हातात पडते, तोवर मेस कोण भरणार? कर्ज काढायचं तर हप्ता किती, आणि तो हप्ता तुला कुणाच्या ऑफिसात नेऊन बसवणार? मोठ्या कंपनीत दोन वर्षं काढून कर्ज फेडीन, मग लोकांकडे येईन, असं म्हणणारा पोरगा खोटा नसतो. पण परतीची तारीख आजच ठरवून जा.

आणि नावाचं भूत मानगुटीवर बसवून घेऊ नका. भूषण गवई २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. ते अमरावतीत कायदा शिकले, १९८५ ला वकिलीत उतरले. घरात राजकारणाचं बळ होतं हे खरं, ते लपवायचं कारण नाही. पण कॉलेज अमरावतीचंच होतं.

पाच. वेळ.

आपल्यातली निम्मी पोरं कामाला जातात. कुणी डिलिव्हरी करतं, कुणी मॉलमध्ये उभं राहतं. पूर्वी नाइट लॉ कॉलेज करून गिरणीतले कारकून वकील झाले. आता वसतिगृही नसलेल्या कॉलेजला सकाळी आठ ते संध्याकाळी सात, एवढ्याच वेळात वर्ग घेता येतात, आणि नियमांत ७० टक्के हजेरी लिहिलीय. हजेरीवरून कोर्टात भांडणं झालीत, पण त्या भरवशावर पाळी लावू नका. सकाळची बॅच आहे का, किती वाजता सुटते, तिथून कामावर पोचायला किती वेळ लागतो, हे स्वतः लोकलनं जाऊन मोजा. 'हजेरीचं आम्ही बघून घेऊ, एवढे द्या' म्हणणारं कॉलेज उद्या परीक्षेचंही बघून घेतं. तिथला वकील मला नको. माझी केस त्याच्या हातात मेलेलीच समजा.

पोरींनो, तुमच्यासाठी आणखी एक. संध्याकाळी लायब्ररीतून सुटल्यावर स्टेशनपर्यंतचा रस्ता कसा आहे, वसतिगृह आहे का, लैंगिक छळाच्या तक्रारीची समिती कागदावर आहे की खरंच बसते, हे तिथल्या पोरींना विचारा. ऑफिसला विचारू नका.

सहा. शिकवतं कोण?

१९७२ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं. तेव्हा १९७९ ला सरन्यायाधीशांना उघडं पत्र कुणी लिहिलं? कायद्याच्या चार शिक्षकांनी. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर. त्या पत्रातून देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ ला कायदा बदलला. शिक्षक असा असतो. नोट्स झेरॉक्सला देऊन घरी जाणारा शिक्षक काय कुठंही मिळतो.

मुंबईचं गव्हर्मेंट लॉ कॉलेज १८५५ चं. १९३५ ते १९३८ बाबासाहेब तिथं प्राचार्य होते. फोर्टातल्या आनंद भवनातलं सिद्धार्थ विधी महाविद्यालय पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५६ ला काढलं. ही नावं ऐकून छाती भरून येते, आलीच पाहिजे. पण जिथं बाबासाहेब बसले तिथंही आणि जे बाबासाहेबांच्या संस्थेचं आहे तिथंही, आज शिकवतं कोण, हाच प्रश्न विचारायचा. त्यात बेअदबी नाही. तपासल्याशिवाय काही मानू नका, हे आपल्याला त्यांनीच शिकवलं.

लायब्ररीत जा. १ जुलै २०२४ पासून इंडियन पीनल कोडच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदाही बदलला. नव्या संहितांची पुस्तकं कपाटात आहेत का? ॲट्रॉसिटी कायद्यावरचं पुस्तक मागा. ग्रंथपालानं कपाटाची किल्ली शोधायला अर्धा तास घेतला तर समजून जा. मूट कोर्ट होतं का? लीगल एड क्लिनिक आहे का, की नुसती पाटी? अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे आपल्या वस्तीत किती जणांना माहीत आहे? ज्या कॉलेजची पोरं वस्तीत येऊन हे सांगतात, ते कॉलेज माझ्या यादीत वर.

भाषेचं विचारा. परीक्षेत मराठीतून लिहायची मुभा आहे का? असली तरी इंग्रजी सोडू नका. जिल्ह्याच्या कोर्टात मराठी चालते, हायकोर्टात इंग्रजीच. आपल्या बाईची साक्ष मराठीत होते आणि तिचं नशीब इंग्रजीत लिहिलं जातं. दोन्ही टोकं धरता येणारा वकील आम्हाला हवा. इंग्रजी येत नाही म्हणून वर्गात हसणारे भेटतील. हसू द्या. भाषा ही शिकायची गोष्ट आहे, जन्मताना घेऊन कुणीच येत नाही.

सात. पदवीनंतर काय खाणार?

हे कॉलेज निवडतानाच विचारायचं. सनदेची फी कायद्यानं ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातीला १२५. राज्यांच्या बार कौन्सिलांनी त्याचे हजारो करून ठेवले होते. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कायद्यात आहे त्याच्यावर घेता येणार नाही. १२५ रुपये, पाठ करून ठेवा. मग ऑल इंडिया बार परीक्षा, आपल्याला पासिंग ४०. पुस्तक घेऊन बसता येतं, नुसत्या कायद्याचं, टिपा नसलेलं.

मग ज्युनिअरशिप. बार कौन्सिलनं २०२४ मध्ये सिनिअरांना सांगितलं, ज्युनिअरला शहरात महिन्याला निदान वीस हजार द्या, गावात पंधरा. सांगितलं, म्हणजे शिफारस केली. सक्ती नाही. किती सिनिअर देतात, ते कोर्टाच्या कँटीनमध्ये वडापाव वाटून खाणाऱ्या पोरांना विचारा. आणि ज्याला न्यायाधीश व्हायचंय त्यानं ऐकावं, मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं खालच्या कोर्टाच्या परीक्षेला आधी तीन वर्षं वकिली सक्तीची झाली. ज्याच्या घरी पेन्शन आहे त्याला तीन वर्षं म्हणजे अनुभव. आपल्याला तीन वर्षं म्हणजे छत्तीस महिन्यांचं भाडं. म्हणून पुन्हा तेच सांगतो, कॉलेजात कर्ज कमी ठेवा, म्हणजे ती तीन वर्षं कुणाच्या दारात वाकावं लागणार नाही. बाबासाहेबांनाही १९२३ ला वकिली सुरू करताना सनदेच्या पैशासाठी मित्राकडे हात पसरावा लागला होता. १९२५ ते १९२८ ते अकौंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून घर चालवत. पण मुख्य काम हातातून सुटू दिलं नाही. १९२६ ला पुण्यात जेधे-जवळकरांचा खटला लढले आणि जिंकले.

शेवटचं. कॉलेज एकट्यानं निवडू नका. चार जण मिळून जा. एकानं मान्यतेचा कागद बघा, एकानं फीचा, एकीनं लायब्ररी, एकानं शेवटच्या वर्षाच्या पोरांना गाठून विचारा, गेल्या वर्षी इथून सुटलेले आज कुठल्या कोर्टात उभे आहेत? माहितीपुस्तिकेत नसतं ते सगळं या एका प्रश्नात असतं. आलेली माहिती वस्तीच्या वाचनालयात वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या पोरानं पुन्हा शून्यापासून रांग लावायची नाही.

गोदीत आम्ही जहाज रिकामं करतो, पण माल कुणाच्या गोदामात जातो ते आम्हाला कुणी विचारत नाही. तुमचं शिक्षण तसं होऊ देऊ नका. आमच्या घामानं भरलेला माल कुणाच्या गोदामात उतरवायचा, ते तुम्ही ठरवा. आम्ही तारखेला येऊ. कोर्टाच्या पायरीवर बसून वाट बघायची आम्हाला सवय आहे. फक्त आमचं नाव पुकारलं जाईल तेव्हा शेजारी उभं राहायला तुमच्यातलं कुणीतरी असलं पाहिजे.

जय भीम.